अकरा मिनिटं जास्त

काळ्या घोड्यापाशी बसचा आरसा
कोपराला चाटून गेला,
ते मी घरी सांगितलं नाही.
आठवडाभर लांब बाह्यांचे कुडते घातले
आणि रविवारी, मागच्या वर्षाच्या कॅलेंडरच्या पाठीवर
दांडिया बाजार ते फतेगंज
दुसरा रस्ता काढायला बसले.

कागदावर सगळे रस्ते गुणी दिसतात.
कुठल्या बोळात रिक्षा उलट्या बाजूनं घुसतात,
कुठे पावणेआठला कचऱ्याची गाडी तोंड अडवून उभी असते,
कुठल्या शाळेपुढे व्हॅनचं दार
मागे न बघता उघडतं,
हे चाकालाच विचारावं लागतं.
किंवा मन्सूरभाईंना. तीस वर्षं सायकलवर पाव विकतायत,
टोपलीवरचं फडकं नीट करत म्हणाले,
'मोटो रस्तो मोटानो, बेन.'
आणि बोटानं हवेत
चार वळणं काढून दाखवली.
तिसरं मी विसरले. ते नंतर
एका बंद फाटकानं आठवून दिलं.

सलाटवाडा, नागरवाडा,
मग मागच्या बाजूनं नदीपर्यंत.
अकरा मिनिटं जास्त.

मी श्रवणयंत्रं दुरुस्त करते.
काउंटरपलीकडचे म्हातारे रोज एकच तक्रार सांगतात,
ऐकू सगळं येतं हो,
बोललेलं तेवढं कळत नाही.
मोठ्या रस्त्यावर माझंही तेच होत होतं, इतकी वर्षं.
इथे गुळण्या ऐकू येतात, शिवणयंत्र,
कुणीतरी कुणाला तरी पाढे म्हणायला लावतंय, सतराचा, अडखळत.
आणि तिसऱ्या दिवशी ऐकलं
की माझीच साखळी कुरकुरतेय.
कधीपासून, कोण जाणे.

फुकट काही मिळत नाही.
नागरवाड्यातल्या तपकिरी कुत्र्याला
माझी डावी पोटरी पसंत आहे, उजवी नाही.
लग्नसराईत मांडव आडवा येतो,
मग खुर्च्यांच्या रांगांतून सायकल ढकलत,
अनोळखी मावश्यांना हसत जायचं.
जानेवारीभर मांज्यासाठी
गळ्याला नवऱ्याचा जाड मफलर.
पुलावर मात्र मी थांबतेच.
खाली विश्वामित्रीच्या चिखलात
मगर ऊन खात पडलेली असते,
तिला कुठेच वेळेवर पोचायचं नसतं.
तिच्याकडे बघून घड्याळ बघू नये, एवढं शिकले.

संध्याकाळी तिसरा खांब काळोखात असतो.
दिवाळीपासून. दोन अर्ज दिले.
खिडकीतल्या माणसानं कागद फिरवून पाहिला,
'त्या गल्लीतून जातं कोण?'

फेब्रुवारीत माझ्यामागे
दुसरी साखळी वाजू लागली.
मागे वळून बघायचं नाही असं मी ठरवलं.
मी गटाराच्या फुटक्या झाकणाला उजवीकडून वळसा घातला,
आवाजही उजवीकडून आला.
मी कुत्र्यासाठी पाय वर घेतले,
मागे खुदकन हसू.
चौथ्या दिवशी, वळणावर चिटपाखरू नसताना,
मी डावा हात सरळ बाहेर काढला,
शाळेत शिकवतात तसा, लाजत.
न्हाव्याच्या दुकानातल्या आरशात दिसलं,
दोन वेण्या, पाठीपेक्षा मोठं दप्तर,
आणि तिचाही हात बाहेर.
दप्तरावरचं नाव उलटं होतं,
त्यातलं 'झं' तेवढं वाचता आलं.
झंखना असेल. नसेलही.

पुलाच्या अलीकडे ती शाळेकडे वळते.
मी विचारलेलं नाही, तिनं सांगितलेलं नाही.
पण संध्याकाळी तीही
त्याच तिसऱ्या खांबाखालून जात असणार,
मी येण्याच्या तासभर आधी, किंवा नंतर.

काल साखळीला तेल घातलं, थोडंसंच.
अगदी गप्प झाली तर
तिला कळणार कसं, मी पुढे आहे ते.
आणि मग हात पुसून तिसरा अर्ज लिहिला.
सुरुवात अशी केली:
आम्ही दोघी जातो.