दीड हात ढील

औशाच्या पुढं, पुनर्वसनातलं गाव.
गल्ल्या सगळ्या सरळ, वहीत पट्टी ठेवून आखल्यासारख्या.
घर नंबर एकशेसहा, इंदुमती बिराजदार.
पुण्याच्या लेकानं कुकर पाठवलाय,
शिट्टीचा नाही, विजेचा:
वर चार तबकड्या, खाली भट्टीचं कपाट,
पाठीवर पत्र्याची चिठ्ठी, सात हजार दोनशे वॅट.

"लावून दे बाबा," म्हणाल्या,
"पण भिंतीला छिन्नी लावायची नाही."

मला वाटलं, रंगाची काळजी.
म्हटलं, मावशी, झिरी पाडतो, पाइप गाडतो,
वरून लांबी, घासून पुट्टी, दिसणार पण नाही.

"दिसलं पाहिजे," म्हणाल्या.

मी टेप सोडला. मीटरपासून ओट्यापर्यंत चौदा मीटर,
मध्ये एक दार, एक देवळी, दोन कोपरे.
सात हजार दोनशे भागिले दोनशे तीस:
एकतीस अँपिअर आणि वर थोडं.
दुकानदार म्हणाला होता, चारची चालते की,
सगळ्या तबकड्या एकदम कोण लावतंय?
खरंय त्याचं. पण वैशाखात या स्लॅबखाली
बेचाळीस अंश असतात, आणि वायर पट्टीत बंद,
तिला वारा कुठला?
गफूर उस्ताद म्हणायचे, तांब्याची कंजुषी
भिंत काळी झाल्यावर कळते.
म्हणून सहाची घेतली. लाल, काळी, आणि अर्थिंगची हिरवी.

वीसच्या केसिंगमध्ये तिघी बसेनात.
झाकण दाबलं की दुसऱ्या टोकाला उघडायचं,
भरल्या पेटीवर बसून कडी लावावी तसं.
पंचवीसची सोडून बत्तीसचीच आणली.
"एवढी जाड?" "हाव मावशी, अंग चोरून बसली की तापते ती."

मग स्क्रू. हातभर अंतरावर एक.
ड्रिल सुरू केलं आणि बाई बाहेर गेल्या.
अंगणात उभ्या, पायात चप्पल नाही,
दोन्ही तळवे उंबऱ्याबाहेरच्या जमिनीवर रोवल्यासारखे.
मी थांबलो की आत बघायच्या.
तेव्हा कळलं मला, उशिरानं.
मी तर त्या वर्षी पोटात होतो आईच्या.

"गणपती बुडवून आलो होतो," नंतर एवढंच बोलल्या,
चहा गाळताना, माझ्याकडं न बघता.
"दगडाची दीड हात रुंद भिंत होती आमची.
आत काय काय भरलेलं असतंय, कुणाला ठाव?"

पुढची भोकं हातानं पाडली,
पोकर आणि हातोडी, कापड गुंडाळून, हळू.
चौतीस झाली. त्यांनी मोजली.

तबकड्यांच्या डोक्यावरून पट्टी नेली नाही,
वाफ लागते. बाजूनं उतरवली,
बत्तीसचा स्विच डाव्या हाताला, नळापासून लांब,
म्हणजे उकळत्या भांड्यावरून हात न्यायला नको.

शेवटी कुकरच्या मागं केबल कापायची वेळ आली.
माप होतं तसं कापलं असतं तर जमलं असतं.
पक्कड लावली, आणि सरकवली पुढं.
दीड हात ढील सोडली,
गोल करून, मागं, टांगलेल्या दोरीसारखी.

"हे कशाला?"
"ओढून झाडायला लागतं मावशी."
त्या ढिलीकडं बघत राहिल्या.
"आन् भिंत हलली तर?"
"तर हिला हलता येईल."

भट्टी आणि दोन तबकड्या लावून बघितलं:
चिमटा मीटरवर बावीस, तेवीस, बावीस.
अर्ध्या तासानं पट्टीवर तळहात ठेवला,
कोमट, ताप उतरलेल्या लेकराच्या पाठीएवढी.
त्यांनीही ठेवला. उचलला नाही बराच वेळ.

पहिलं धपाटं तबकडीवर करपलं.
"हिचं अजून कळना," म्हणाल्या, "किती तापूलालीय."
दुसरं मला दिलं.

बिलात दीड हात धरला नाही मी.
चौतीस स्क्रू मात्र धरले.
त्या त्यांनी मोजलेल्या होत्या.