लेट

मंगळवारी सहा ते आठ,
हडर्सफील्डच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर.
हीटर टकटकतो, काचेवर वाफ,
आणि ग्लेनिसबाई फळ्यावर लिहितात: ओल्ड.
ओल्ड मॅन, ओल्ड वुमन, ओल्ड शूज.
बघा, म्हणतात, काहीसुद्धा बदलत नाही.

मी समासात लिहून ठेवते: म्हातारा, म्हातारी, जुने.
आमच्याकडे विशेषणाला नामाचं सगळं सोसावं लागतं.
घोड्याला नुसता ‘ला’ लागला
की पांढराही मुकाट्यानं पांढऱ्या होतो.
(लाल आणि हुशार तेवढे वाकत नाहीत,
पण असे मोजकेच.)
इथलं विशेषण मात्र ताठ.
पुढे चालतं, आणि विशेष्य बाई की बुवा की बुटांचा ढीग,
वळून बघत नाही.

शू शॉप. दुकानात हजार बूट, पाटीवर एकच शू.
नाम विशेषणाच्या जागी जाऊन उभं राहिलं
की अनेकवचन चपलेसारखं बाहेर काढून ठेवतं.
इचलकरंजीला कुणी सांगितलं नव्हतं हे.
इथे प्रत्यय नाहीत फार. जागाच बोलते.

ते मला त्या दिवशी कळलं,
जेव्हा बाईंनी विचारलं, आज घाई कसली?
मी म्हटलं, माय लेट हजबंड.
(बॅटलीच्या गाद्यांच्या कारखान्यातून
त्यांची बस नेहमी चुकते.)
वर्ग गप्प.
बाईंचा हात खांद्यावर. बिस्किटांचा डबा माझ्यापुढे.
मी दोन बिस्किटं खाल्ली, चांगली होती, आल्याची,
आणि तेवढा वेळ माझा नवरा वारलेला होता.

मग उलगडा, मग हशा.
बाईंनी वर-खाली दोन ओळी लिहिल्या.
नामाच्या आधी लेट: कैलासवासी.
नामानंतर, ‘इज’च्या पलीकडे, लेट: येतोय, वाटेत आहे.
शब्द तोच. एक पाऊल अलीकडे, एक पलीकडे.

आता प्रत्येकाने एक वाक्य.
तोमाश म्हणाला, द बस इज लेट.
बेर्हाने म्हणाला, द रेंट इज लेट, आणि स्वतःच हसला.
हेरातची झरमीना, जी कधी बोलत नाही, म्हणाली,
माय हजबंड इज लेट.
गुड, बाई म्हणाल्या, आणि सवयीने विचारलं, हाउ लेट?
सिक्स इयर्स.

हीटर टकटकत राहिला.
ग्लेनिसबाईंच्या हातात मार्कर होता, टोपण काढलेला.
त्यांनी तो शब्द उचलून पुढे आणला नाही.
फळा तसाच ठेवून आम्ही जिना उतरलो.

साडेनऊ. पिठल्यावर साय धरली आहे.
खाली बस थांबते, दार उघडतं, मिटतं,
दुसरंच कुणीतरी उतरतं.
मी ताट झाकते
आणि तेच वाक्य पुन्हा म्हणते,
हळू,
‘इज’ मध्ये घट्ट धरून.