गळांची पेटी

पहिलं गाणं हरवलं ते पिठाच्या पिशवीवर लिहिलं होतं.
आईने पिशवी चुलीत घातली.
पाव मात्र त्या दिवशी छान फुगला.

दुसरं तळहातावर होतं.
कारखान्यात कॉडचे काटे काढता काढता
खाऱ्या पाण्याने आधी क्रियापदं गेली, मग नावं.
पाळी संपली तेव्हा अंगठ्याखाली
'तरीसुद्धा' एवढंच उरलं होतं.
तो शब्द अजून कुठल्याच गाण्यात बसलेला नाही.

मग मी वडिलांची पेटी घेतली.
हिरवी, पत्र्याची, बिजागरीला गंज,
उघडली की तीन कप्पे पायऱ्यांसारखे वर येतात.
गळ सगळे काढून खिळ्यांच्या डब्यात टाकले;
एक राहिला, सांदीत रुतून.
त्याने पहिल्या आठवड्यात माझं बोट धरलं,
दुसऱ्या आठवड्यात एक चांगलं कडवं फाडलं.

वरच्या कप्प्यात सुरुवाती.
सुरुवाती माझ्याकडे रग्गड, बंदरात मांजरं असावीत तशा.
मधल्यात जोडीदार न मिळालेली यमकं,
एकेकटे हातमोजे.
तळाशी पुरी झालेली गाणी, घडी घालून,
प्रत्येकीवर पेन्सिलीने त्या दिवशीचा वारा.

शेजारचा हेडली पार्डी गुरुवारी येतो
आपली भात्याची पेटी घेऊन.
म्हणतो, तुझ्या पेटीत सूर नाही, माझ्या पेटीत शब्द नाही,
आणि दोन्ही पेट्यांना तेल हवंय.

भावाचा मुलगा सेल्बी आल्बर्टाहून सुट्टीवर आला,
तेलाच्या खाणीतला पगार, नवा लॅपटॉप.
"आत्या, हे लावलंयस कसं? वर्षाप्रमाणे? अक्षराप्रमाणे?"
वाऱ्याप्रमाणे, मी म्हटलं.
तो हसला. हसू दे.
नैऋत्येची गाणी सैल असतात,
त्यांच्या शेवटी कुणीतरी घरी येतं.
ईशान्येची आखूड; श्वास पुरत नाही.
वारा पडलेला असतानाची दोनच आहेत,
दोन्ही वाईट.

तरी तो बसला. चार संध्याकाळी टिपत बसला.
एकसष्ट गाणी. एकशे चौदा सुरुवाती.
तीन गाण्यांत एकच धृवपद निघालं
आणि मला इतक्या वर्षांत पत्ता नाही!
(त्यातलं एक हेडलीच्या लग्नात म्हटलं होतं,
एक त्याच्या बायकोच्या मातीला.)

पाचव्या दिवशी त्याने तळाचं बनातीचं कापड उचललं.
खाली एक वही. पाठीला डांबर.
वडिलांचा हात, सगळे आकडे उजवीकडे कललेले:

चौदा जून, ईशान्य, चाळीस.
पंधरा जून, ईशान्य, अकरा.
सोळा, नैऋत्य, केपलिन किनाऱ्याला, साठ.

म्हणजे वाऱ्याची युक्ती माझी नव्हतीच.
मी ती पेटीबरोबरच उचलली होती,
गळासारखी, लागल्याचं कळलं नाही इतकी.

पानं उलटत गेलो. साठ कमी होत गेले.
नऊ. चार. एक, आणि तोही लहान, सोडला.
नैऋत्य, शून्य.
नैऋत्य, शून्य.
मासेमारी बंद झाली ते साल आलं,
होडी विकली ते साल आलं;
वही मात्र थांबेना.
आता तारीख नाही, आकडाही नाही,
पानामागून पान नुसता वारा,
खिडकीतून बघून लिहिलेला.

सेल्बीचं बोट बटणावर थबकलं.
"आत्या, हे कशात टाकू? पुरं? अर्धवट?"

किटली शिट्टी मारत होती. मी ती बंद केली.
म्हटलं, थांब.
आधी मला एकदा मोठ्याने म्हणून बघू दे.