पट्टी

डेल्मर ओक्सनर गेला. पहाटे चारला.
त्याची मृत्युवार्ता तीन वर्षांपासून तयार होती,
त्यानंच तपासलेली:
'वादग्रस्त' खोडून वर लिहिलं होतं 'करारी'.

टोलेडोच्या स्टुडिओत केबली गुंडाळणारा पोरगा
न्यूयॉर्कात एकोणिसाव्या मजल्यावर बसला तेव्हा
समोर सोळा पडदे, सगळे मुके.
म्हणायचा, आवाज बंद करून बघा,
भीती नुसत्या चेहऱ्यावर दिसली पाहिजे.
दिसायची.
आधी पडद्यावर, मग देशात,
मग आमच्या लिफ्टमध्ये.

हवामान सांगणारी कोरीन
एका गुरुवारी त्याच्या खोलीतून बाहेर आली,
ब्लाउजचं बटण चुकीच्या काजात,
आणि नकाशापुढे उभी राहून म्हणाली,
उद्या आकाश निरभ्र.
सोमवारी नकाशापुढे दुसरी होती.

चेक मी पाहिला नाही. लिफाफा पाहिला.
त्याच महिन्यात माझ्या मुलीची फी
त्यानं न मागता भरली होती.

चार मिनिटांत पट्टी सोडायची आहे.
'करारी'. तसं खोटं नाही,
करार पुष्कळ केले त्यानं,
गप्प राहण्याचे. माझा तर कागदाशिवाय.

शब्द खोडतो. जागा रिकामी.
तिथं तिचं नाव घालावं म्हणतो,

पण कोरीनचं आडनाव काय होतं?