शेपटी बुडवायची, तीन मोजायचे

दातांचा डॉक्टर नागपूरहून यायचा, रविवार पाहून.
ह्यांना गाइड म्हणायचा.
ह्यांनी फक्त बोट दाखवायचं :
मरळ आज बेशरमाच्या झुडपात आहे
की कमळाच्या देठांशी.
एकदा जाताना डबी विसरला.
फोन केला तर म्हणाला, राहू दे देवचंद, तुलाच.

डबीत रबराची गांडुळं, रबराचे बेडूक,
तान्ह्याच्या कानाच्या पाळीसारखे मऊ,
आणि अंगठ्याएवढी एक बाटली.
झाकण फिरवलं
तशी सासू अंगणातून ओरडली,
"आता कायची फोडणी टाकली वं झनक?
जेवणं तं झाली!"

लसूण होता.
पोपटी रंगाचा, बाटलीत भरलेला, माशांसाठी.

शेपटी बुडवायची, तीन मोजायचे, झटकायची.
काळ्या गांडुळाला शेवटी एक हिरवट जाळ,
गढूळ पाण्यातही दिसेल असा.
ह्यांना वास येत नाही. राइस मिलमध्ये
नऊ वर्षं कोंडा ओढला नाकानं.
म्हणून माझ्या तोंडापुढं धरायचे :
"हाय का अजून? का उडाला?"
मी म्हणायची, हाय.
मग ते तलावावर जायचे.

पाच महिन्यांत बाटली संपली.
नवी साडेसहाशेला, म्हणजे दीड किलो मरळ.
मी म्हटलं, थांबा.
पवनीच्या बाजारातून जिलेबीचा रंग आणला,
वीस पाकळ्या ठेचल्या, थोडं बडीशेपेचं पाणी,
रात्रभर बेडूक त्यात बुडवून ठेवले.
सकाळी काढले, खंगाळले,
बेडूक जसेच्या तसे.
पिवळी झाली ती फक्त वाटी.
सासू हसली, दात नसलेल्या तोंडानं, लय वेळ.

पण त्याच डबीत एक झालं.
पांढरं गांडूळ आणि काळं गांडूळ
उन्हाळाभर एकावर एक पडून होते.
उघडून पाहिलं तर पांढऱ्याच्या पोटावर
काळ्याची सावली उतरलेली, पुसून निघेना.
आणि एक बेडूक माझ्या जुन्या कंगव्याला टेकला होता,
तर कंगव्याचे चार दात वितळून
त्याच्याच पाठीला चिकटले.
ह्यांनी बेडूक फेकला नाही.
दातांसकट टाकला पाण्यात.
काही लागलं नाही त्याला, हेही सांगते.

शेवटी बाटली मागवलीच. मी पैसे दिले,
सिंगाडे सोलायच्या मजुरीतले.
ह्या वेळी बुडवायचं काम माझ्याकडं.
उजवा अंगठा, तर्जनी, नखांच्या कडा
पोपटी झाल्या त्या झाल्याच.
राखेनं घासलं, रॉकेलनं पुसलं.

राशनच्या दुकानात ह्यांचा अंगठा मशीन घेत नाही कधी,
दोरीनं रेघाच खाल्ल्या आहेत.
मी माझा ठेवला.
पोट्ट्यानं नाक आकसलं :
"काकू, लसूण सोलून आल्या का?"
मशीन म्हणालं, हो, हीच ती.
तांदूळ घेतले.

लसणाचा म्हणाल तर
हा वास माझ्या बोटांना अठरा वर्षांपासून आहे.
त्याची बाटली कुणी विकली नाही.

संध्याकाळी तलावाच्या पायरीवर भांडी घेऊन बसले.
ह्यांची डोंगी तिकडं, पार कमळांपाशी,
सकाळपासून एकही नाही.
तांब्या बुडवला आणि हात तसाच राहू दिला,
गार वाटलं म्हणून.
तीन मोजायच्या आत
कोतऱ्यांचा एक थवा आला,
नखाएवढ्या, पारदर्शक,
आणि माझ्या पोपटी अंगठ्याला
टोचू लागल्या, चुकचुक, चुकचुक.
तिकडून ह्यांनी हाक मारली,
"हाय का वास अजून?"

मी उत्तर दिलं नाही.
हलले असते तर पळाल्या असत्या.