भाग दोन, रविवारचा सहाचा खेळ

माझं काम दारात उभं राहायचं.
तिकीट फाडायचं, अर्धं तुम्हाला, अर्धं डब्यात.
एकतीस वर्षं झाली. पिक्चर मी बघत नाही,
पडद्याआडनं ऐकतो.
माणसं बाहेर पडताना
चपलांच्या आवाजावरनं कळतं, कसा होता.

पहिल्या भागाला चपला सावकाश निघायच्या.
तो नदीत उडी टाकतो, पोराला काठावर ढकलतो
आणि वर येत नाही.
मग नुसतं पाणी. दोन मिनिटं. वाजंत्री नाही, काही नाही.
गंगावेशीतली पोरं, शिट्टीशिवाय श्वास न घेणारी,
तीसुद्धा गप्प.

भूपाल मगदूम नऊ वेळा आला तेव्हा.
शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर,
आंघोळ केली तरी कानात काळी वाळू.
त्याचा धाकटा महापुरात गेला, चिखलीकडं,
दुसऱ्याची म्हैस सोडवायला.
म्हैस पोहत आली.
राजाराम बंधाऱ्यापर्यंत शोधलं, पुढं रुईपर्यंत.
घरात कुणी रडलं नाही,
रडलं असतं तर ठरलं असतं.
ते तो इथं येऊन रडायचा,
डी रांग, सतरा नंबर.
मी बॅटरी तिकडं मारायचो नाही.

मग भाग दोन.
पोस्टरवर तोच, कोरडा, भांग पाडलेला.
कुणा नावाड्यानं वाचवला होता म्हणे,
आठवण गेली होती म्हणे,
धोंडा लागून परत आली म्हणे,
आणि लगेच गाणं.
चपला मध्यंतरालाच वाजल्या.

परवाच्या रविवारी तो नट स्वतः आला माफी मागायला.
हार, फोन उंच धरलेली चार पोरं.
थेटरात तेवीस माणसं, मला आणि वडेवाल्याला धरून.
"कोल्हापूरकरांनो, चुकलं आमचं. पदरात घ्या."
डोळे पुसले त्यानं. खरेच पुसले असतील.
मागनं कुणीतरी ओरडलं,
"जाऊ द्या हो भावा, पर तिसरा काढू नगासा!"

बाहेर चहाच्या गाड्यावर वाद पेटला.
बंडा पैलवान म्हणाला, "चितपट झाला म्हणून
माफी मागतंय व्हय कोण? माती झाडायची,
पहाटं चारला परत जोर."
मिसळवाला चंद्रोजी म्हणाला, "आमचा कट बिघडला
तर मी पैसे घेत न्हाई. ह्यानं घेतलं की."
दोघांचंही मला पटलं.
दोघांचंही पटतं म्हणूनच
जन्म दारात गेला माझा.

भूपाल त्या रविवारी नव्हता.
तो पहिल्या दिवशीच येऊन गेला होता,
आईला घेऊन.
म्हातारी कधी थेटरात आली नव्हती,
पदराच्या गाठीत अर्धं तिकीट जपून बसली होती.
मध्यंतराला माझ्यासमोर उभी राहिली.
रडत नव्हती. उजळली होती.
म्हणाली, "ह्यो आला की माघारी.
मग आमचा?"

बॅटरी होती माझ्या हातात. चालू होती.
कुठं मारू कळेना.

आता ती मागच्या दाराला कडी लावत नाही,
भूपाल सांगतो. ताट एक जास्तीचं.
तो ओव्हरटाइम मागून घेतो, उशिरा घरी जातो.
सतरा नंबर रिकामाच असतो,
कुणी बसलं तर मला उगीच राग येतो.

पिक्चर वाईट निघाला, निघू दे.
वाईट पिक्चरनं कुणाचं घर बसत नाही.
पण बाबा, तू बुडाला होतास.
आम्ही तुला पोहोचवून आलो होतो,
दहावं-तेरावं आपापल्या परीनं उरकलं होतं अंधारात.
ते उकरून काढलंस,
त्याची माफी कुणी लिहून दिली नाही तुला,
आणि जिच्याकडं मागायची
तिला ती नकोच आहे,
ती तुझ्यावर खूश आहे.

हे सगळं मनात होतं
तेव्हा तो बाहेर पडत माझ्यापाशी थांबला,
हात जोडले, "काका, तुम्हीपण माफ करा."
फोनवाली पोरं तोवर जिना उतरली होती.

दार धरलं मी.
"पायरी आहे साहेब," म्हटलं, "जपून."