पन्नास नंबर

आईचा फोन: छपाई अर्ध्या पानावर अडते,
आणि नेमकी तेव्हाच तिच्या गायनवृंदाची जुनी रेकॉर्डिंगं सुरू होतात.
गाणी अडली की प्रिंटर जागा.
"घरात काहीतरी आहे, रोकास."

निदाहून बसने, मग फेरीबोटीने क्लायपेडाला आलो.
खाडीवर धुकं, खिशात एक केबल.
आईच्या नवऱ्याने चहा ठेवला.
त्याला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही,
लग्नाला अकराच आठवडे झालेत,
म्हणून मी राउटरशीच बोलत बसलो.

प्रिंटरचा प्लग काढून हातात धरला
आणि साद घातली:
१९२.१६८.१.५०, आहेस का?
आहे, म्हणालं कुणीतरी.
बंद यंत्राच्या नावाने
कपाटावरच्या डब्याने ओ दिली होती.

तो बाबांचा डबा, सगळी गाणी त्यात.
पन्नासाव्या वाढदिवशी त्यांनी बसवला, नंबर स्वतःच्या हाताने घालून.
आणि ह्याच्या जुन्या दारावर
तीस वर्षं पितळेचा पन्नास होता, प्रिंटरलाही तोच.
आपापल्या घरी दोघांचं बरोबर होतं.
आता राउटर बिचारा विचारतो, पन्नास कोण?
"मी."
"मी."
शेवटी बोलेल त्याचं खरं,
दुसरा बोलेपर्यंत.

दोन मिनिटांचं काम. पण बदलायचा कुणाचा?
आई खिडकीतून बंदरातल्या क्रेन मोजत होती.
तो बिनसाखरेचा चहा ढवळत होता, केव्हाचा.
मी फ्रिजवर कागद चिकटवला, मोठ्या अक्षरांत पायऱ्या लिहून,
तळाशी: *एकानेच एक्कावन्न व्हायचं. कुणी, ते तुम्ही ठरवा.*
आणि शेवटची बोट गाठली.

सकाळी पुन्हा फोन.
"तसंच चाललंय रे. उलट वाढलंय."
लांबूनच त्यांच्या राउटरमध्ये शिरलो.
एक्कावन्न कोण?
"मी."
"मी."

रात्री आधी ती उठली असणार, चष्मा चाचपडत.
मग तो, मोज्यांवर, दिवा न लावता.
किंवा उलट.

पन्नासला साद घालून पाहिली. चार वेळा.
कुणीच बोललं नाही.

"काय झालंय?" आई विचारत होती.
काही नाही, म्हटलं,
जरा व्हिदमान्तसला दे फोन.